कोक-बेल घाटातले नारिंगी कोन

सातारकुलने तीन माणसं मारली. ट्रकने नाही, धुक्याने नाही, नशिबाने तर नाहीच. गावातल्या पांढऱ्या दाढ्या अजून माना डोलावत म्हणतात, "लिहिलेलंच होतं." कुणी लिहिलं होतं? सातारकुल हा कोक-बेल घाटाच्या रस्त्याचा मुकादम. बाप जाऊन वर्ष झालं म्हणून त्याने मोठी जेवणावळ घातली, घोड्यांची शर्यत ठेवली आणि शर्यतीची वाट आखायला रस्त्यावरचे सगळे नारिंगी कोन, सगळे फलक उचलून माळावर नेले. त्या दुपारी वरच्या वळणावर खड्डे भरणाऱ्यांपुढे आडवं ठेवायला एक रिकामं डबडंसुद्धा उरलं नव्हतं. कोळशाचा ट्रक आला. नुरतिलेक, ओरोझ, कुबान. शर्यत मात्र छान झाली. सातारकुलचाच घोडा पहिला आला.

नुरतिलेकची धाकटी बहीण सायकाल तेव्हा राजधानीत, बिश्केकला, कॉलेजात होती. भावाच्या मातीला आली ती परत गेलीच नाही. खुंटीवरचं त्याचं जुनं जॅकेट अंगात चढवलं आणि त्याच्या जागी झेंडा घेऊन रस्त्यावर उभी राहिली. मोठी माणसं म्हणाली, पोरगी वाया गेली. मोठ्या माणसांना दुसरं येतं काय?

वर्ष सरलं. गुरुवार होता. पहाटे त्याच वळणाखाली दरड कोसळली होती, म्हणून सकाळी सायकाल लोडरवाल्या मेदेरबरोबर घाटाखालच्या चौकीवर कोन आणायला गेली. रोजचंच काम. पण खोली रिकामी होती. कोन बाहेर होते. धुऊन, पुसून, चकचकीत करून दोन रांगांत मांडलेले. रांगांच्या टोकाला पांढऱ्या कापडाखाली झाकलेला एक दगड. 'पुढे माणसं काम करत आहेत' या फलकांना कागदी फुलं बांधली होती.

"आके, हे काय?" तिने विचारलं. आके म्हणजे वडीलधारा दादा. दात खाऊन का होईना, म्हणावं लागतं.

सातारकुल उंच टोपी सावरत वळला. "तुझ्या भावाचाच मान करतोय, पोरी. राजधानीतून पाहुणे येतायत. स्मृतिशिला उघडायची आहे. गाड्या कुठे लावायच्या हे त्यांना कळायला नको?"

"आणि कुठे थांबायचं हे ट्रकवाल्यांना कळायला नको? वर दरड आहे. धुकं उतरलंय."

"तुझ्या हातात झेंडा आहे ना?"

"धुक्यात झेंडा दिसत नाही, आके."

"आयुष्याची दोरी बळकट असेल तर दिसेल." तो हसला. शेजारचे दोन म्हातारेही हसले, कशाला ते त्यांनाही माहीत नसावं. "चल, दुपारपर्यंत रस्ता मोकळा कर. पाहुण्यांना जेवायला पलीकडे न्यायचंय."

मेदेरने तिला दंडाला धरून ओढत लोडरमध्ये बसवलं. "हात आवर. तू त्याला मारलंस तर तुरुंगात तुला डबा कोण पोचवणार, मी?"

वर धुकं इतकं दाट होतं की लोडरचं नाक लोडरलाच दिसत नव्हतं. मेदेर आणि दोन मजूर वळणाखाली दरड उपसायला उतरले. सायकाल वळणाच्या माथ्यावर एकटी थांबली. वरून येणारी गाडी तिला थांबवायची होती. नाही थांबली, तर खाली तिघं होते... पुन्हा तिघंच.

गुरुवारी घराघरांत मेलेल्यांसाठी बोर्सोक तळतात, कणकेचे फुगीर तुकडे. गेलेल्याला भाकर पोचत नाही, पैसा पोचत नाही. तळणाचा वास तेवढा पोचतो. सायकालने आईने मळून दिलेली कणीक आणली होती. कठड्याच्या आडोशाला स्टोव्ह पेटवला, कढई ठेवली. मेदेर खालून ओरडला, "सायकाल! भुतांनाच वाढणार की आम्हालाही ठेवणार?"

"तुम्ही मेल्यावर!"

खालून हसू आलं, मग फावड्यांचे आवाज. ते धुक्यात भिजून दूर दूर गेले. उरली ती तेलाची चरचर.

पहिला घाणा निघाला. त्या घाटात वारा कायम खालून वर वाहतो, धूर नेहमी आभाळाकडे जातो. आज वारा पडला होता. वास वर गेला नाही. तो रस्त्यावर उतरला आणि डांबराला लागून, जनावर चालावं तसा, सावकाश चढणीला लागला. सायकालला तो जाताना जाणवला. तिच्या पोटऱ्यांना ऊब लागून गेली.

मग वरून आवाज आला.

खर्रर्र... थप. थप.

कोनाचं बूड खडीवर घासत आणायचं आणि लाथेने दोनदा ठोकून बसवायचं. असं एकच माणूस करायचा. बाकीचे कोन नुसते टाकतात.

खर्रर्र... थप. थप.

"नुरतिलेक...?" ती धुक्याकडे बघत म्हणाली.

आवाज जवळ आला, चढणीवरून एकेक कोन उतरत. तिने मान वळवली. कठड्यावर फडक्यात काढून ठेवलेले बोर्सोक नव्हते. फडकं नीट घडी घातलेलं होतं.

त्याच वेळी वर खूप लांब, डोंगराच्या पोटातून ढेकर यावी तसा घुमारा उठला. ट्रक. भरलेला, वेगात. भोंगा एकसारखा वाजत होता, म्हणजे ब्रेक गेले होते. सायकालने खाली तोंड करून जिवाच्या आकांताने हाळी दिली, "पळा! मेदेर आके, पळा!" पण खाली लोडर नुकताच सुरू होऊन धडधडत होता. लोडरपुढे माणसाचा आवाज किती?

पळायला तिलाही जागा होती. ती पळाली नाही. रस्त्याच्या मधोमध उभी राहून तिने झेंडा दोन्ही हातांनी धरला. दोन पिवळे दिवे धुक्यातून फुटले, मोठे झाले... आणि मोठे व्हायचे थांबले. चाकं किंचाळली नाहीत. रबर जळल्याचा वास नाही. घोड्याला थोपटून उभं करावं तसा तो कोळशाचा डोंगर थरथरत, फुसफुसत, तिच्या छातीपासून हातभर अंतरावर उभा राहिला.

ड्रायव्हर दार ढकलून खाली उतरला. चांगला दांडगा माणूस, दाढीत पांढरं मिसळलेलं. एर्मेक नाव.

"ब्रेक नव्हते," तो म्हणाला. "ह्याच्याही वरच्या वळणापासून पाय नुसता तळाला टेकत होता."

"मग थांबला कसा?"

"काचा बंद होत्या, पोरी. तरी आत तळणाचा वास आला. घरच्यासारखा. मग दिसलं, कोन लावलेत, रांगेत... आणि तुमचे तिघं उभे. बाजूला नाही झाले. बॉनेटला हात लावले त्यांनी, आणि मागे मागे चालत आले..." त्याने इकडेतिकडे पाहिलं. "कुठायत? मला पाया पडायचंय त्यांच्या."

एर्मेकच्या मागे, चढणीवर, नारिंगी कोन वळणाच्या कडेने असे लावले होते की आंधळासुद्धा बाजूला झाला असता. फलक उभे होते. कागदी फुलं ओली होऊन लोंबत होती. एकेका कोनाच्या टोकावर तेलकट बोटांचे ठसे होते.

थोड्या वेळाने खालून माणसं आली. दरडीमुळे गाड्या सोडून चालत. पुढे सातारकुल, मागे राजधानीतून आलेल्या रस्ते खात्याच्या बाई, बाकीचे पाहुणे, म्हातारे.

"चोरटे!" सातारकुल ओरडत होता. "माझं भाषण चालू होतं, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत दोन्ही रांगा..." जे पाहिलं ते तोंडाने सांगायची हिंमत नव्हती. त्याने पहिला कोन धरला आणि ओढला.

कोन हलला नाही.

त्याने दोन्ही हात लावले. दोन म्हातारे मदतीला धावले. तिघांच्या टोप्या पडल्या, पाय घसरले, कोन जागचा हलला नाही. मेदेर वळणावरून वर आला होता. तो म्हणाला, "लोडर आणू का, आके? का शर्यतीतला घोडा आणता?"

सायकाल पुढे झाली. तिने कोन एका हाताने उचलला, सगळ्यांना दाखवला आणि पुन्हा तिथेच ठेवला. लाथेने दोनदा ठोकला.

"हे कोन गेल्या वर्षीच्या शर्यतीत होते," ती बाईंकडे बघून म्हणाली. "आज तुमच्या गाड्यांसाठी होते. रस्त्यावर दोन्ही वेळा नव्हते. दगड कशाला उभा करता? आधी हे उभे करा. आणि तुम्ही, म्हाताऱ्यांनो, लिहिलेलं होतं म्हणता ना? वाचा आता. हे लिहिणाऱ्यांनी मांडून ठेवलंय!"

एर्मेकने टोपी काढली, मेलेल्यांसाठी दुवा मागत तळवे तोंडावरून फिरवले. ट्रकच्या मागे तोवर बऱ्याच गाड्या तुंबल्या होत्या. त्यांचेही ड्रायव्हर उतरले, तळवे फिरवले. मग कुणीतरी भोंगा दाबला. दुसऱ्याने दाबला. बघता बघता सगळा घाट वाजायला लागला, धुकं भोंग्यांनी फाटलं आणि खाली खोऱ्यात ऊन पडलेलं दिसलं. सायकाल वर्षभरात पहिल्यांदा रडली, आणि रडता रडता मोठ्याने हसली. मेदेरने उरलेल्या कणकेचे बोर्सोक तळून बाईंच्या हातावर ठेवले. त्यांनी ते उभ्या उभ्या खाल्ले आणि सातारकुलला विचारलं, "कोन काढायला कोणी सांगितलं?" त्याने म्हाताऱ्यांकडे पाहिलं. म्हातारे डोंगराकडे बघत होते.

आता कोक-बेलवर कोन लागल्याशिवाय कुणी फावडं उचलत नाही. सायकाल मुकादम आहे. म्हाताऱ्यांना ते रुचत नाही, पण घाट तिच्याच परवानगीने ओलांडतात.

सातारकुलची नोकरी गेली, ती जाणारच होती. त्याची लेक पलीकडच्या खोऱ्यात दिलेली आहे. गाडी कुणाचीही असो, नवी असो की जुनी, तो आत बसलेला असला की त्या वळणाखाली इंजिन बंद पडतं. मेदेरने स्वतः बॉनेट उघडून सगळं तपासलं, काही बिघाड नव्हता. सातारकुल खाली उतरला की पहिल्या चावीला गाडी सुरू होते. नातू झाला तेव्हा त्याने वेगवेगळ्या गाड्यांतून जाऊन पाहिलं. लेकीकडे जायचं तर सातारकुलला घाट पायी चढावा लागतो.