वाळ्याचं पाणी

सत्त्याण्णव सालच्या उन्हाळ्यात इंदिरानगरातल्या नळांनी मानच टाकली होती. टँकरवाला कानडीत ‘नाळे, अम्मा, नाळे’ म्हणत रोज उद्यावर ढकलत होता. अंगणातल्या संपात, म्हणजे जमिनीखालच्या टाकीत, तळाचा गाळ दिसायला लागला होता. आणि चंद्राबाईंच्या घरात वरच्या मजल्यावर सरड्यांच्या आंघोळी मात्र वेळच्या वेळी चालल्या होत्या.

भिंतीवरचा टायमर टक् करायचा, पंप घुरघुरायचा आणि काचेच्या पेट्यांत पितळी तोट्यांतून धुकं सुटायचं. फस्स. तो आवाज थेट स्वयंपाकघरात यायचा आणि बाईंच्या मस्तकात तिडीक जायची. माणसांनी तांब्याभर पाण्यात उरकायचं आणि ह्या मेल्यांना कारंजी, असं त्या भिंतींना ऐकवत भांडी आदळत.

सरडे श्रीरंगचे, त्यांच्या थोरल्या मुलाचे. इंजिनियर झाला, कारखान्यात साहेब झाला, बायको मिळत असून केली नाही आणि बोटीवरच्या कुणा मित्राकडून ही परदेशी पिलावळ घेऊन आला. शॅमेलिऑन म्हणे. ही जात वाटीतलं पाणी ओळखतच नाही, पानावर थेंब दिसला तरच जीभ काढते, म्हणून ते धुकं. पाणी वाया जाऊ नये यासाठी त्याने तोट्या बारीक केल्या होत्या, पेट्यांखाली पन्हळी लावून निथळलेलं पाणी कढीपत्त्याला सोडलं होतं. दिवसाला जेमतेम बादलीभर लागतं, आई, असं तो समजावायचा. बादलीभर, हे तो तोंड वर करून सांगायचा.

त्या बादलीपायीच बाईंनी ते केलं होतं.

चैत्रात अक्का गेल्या. अक्का म्हणजे भाग्यलक्ष्मी, बाईंची थोरली जाऊ. मूलबाळ नाही, ऐन तारुण्यात विधवा, तेव्हापासून वरच्या खोलीत. घरातल्या पाण्यावर त्यांची सत्ता. माठात वाळ्याची जुडी टाकल्याशिवाय त्यांच्या घशाखाली घोट उतरत नसे. आणि घरात मूल जन्मलं की त्या मलमलचा बोळा त्या पाण्यात बुडवून त्याच्या ओठांशी धरत बसायच्या, तासन् तास. श्रीरंगच्या वेळी बाई नवख्या होत्या, गप्प बसल्या. लेकीच्या, दिव्यश्रीच्या वेळी त्यांनी तो बोळा हिसकावून उकिरड्यावर फेकला होता.

“मूल माझं आहे, अक्का,” असं तोंडावर सांगितलं होतं. त्याचा त्यांना आजही अभिमान होता.

घरात माणूस गेलं की भरलेलं पाणी ठेवत नाहीत. पिंप, कळश्या, माठ, सगळं ओतून देतात. पण त्या दिवशी टँकर नुकताच येऊन गेला होता, आणि एवढं पाणी गटारात जाताना बघणं बाईंना सहन होईना. त्यांनी फर्मावलं, श्रीरंगच्या सरड्यांच्या निळ्या ड्रममध्ये ओता. अक्कांच्या माठातलंसुद्धा. भटजींनी भुवया वर केल्या, तर त्यांनाही ऐकवलं.

“जनावरांना कुठलं आलंय सुतक?”

तेरावं झालं आणि श्रीरंगने पेट्या, ड्रम, पंप, सगळं अक्कांच्या रिकाम्या खोलीत नेलं.

मग त्या ड्रममधलं पाणी उतरेना.

श्रीरंग खूश. तोट्यांचं गणित जमलं म्हणाला. बाईंना वाटलं, चोरतोय. आई झोपली की संपातून बादल्या नेत असणार. त्यांनी संपाच्या झाकणाला कुलूप घातलं, किल्ली कमरेला खोचली. टायमर टक् करत राहिला, धुकं सुटत राहिलं, कढीपत्ता तरारला. ड्रम काठोकाठ. झाकण काढलं की वाळ्याचा वास. तो आधी मंद होता. दिवसांबरोबर तो विरायला हवा होता. तो वाढत गेला.

तशात दिव्यश्रीचा हुबळीहून फोन आला. पहिलटकरीण, बाळंतपणाला माहेरी येणार. अक्कांची खोली गार, मोरी लागून. तीच द्यायची. बाईंनी श्रीरंगला बजावलं, लेक यायच्या आत तुझं गणगोत इथून हललं पाहिजे. सरी, सरी, म्हणजे बरं बरं, असं म्हणून तो टाळत राहिला.

एका दुपारी करंट गेला. घर एकदम शांत झालं. पंखे थांबले, टायमर थांबला. निदान आता तरी ते फसफसणं बंद, असं म्हणत बाई खोलीचं माप घ्यायला वर गेल्या. पाळणा कुठे टांगायचा ते बघायचं होतं.

सरडे पेट्यांत होते. पण त्यांचे डोळे.

श्रीरंगने कौतुकाने दाखवलं होतं, यांचा एक डोळा पुढे बघतो तेव्हा दुसरा मागे फिरत असतो. कधी एका जागी ठरत नाहीत. आता सगळ्या पेट्यांतले सगळे डोळे एकाच कोपऱ्याकडे लागले होते. जिथे अक्कांची खाट होती, तिथे. माना उचललेल्या. पानं कोरडी. काचा कोरड्या. आणि प्रत्येकाची जीभ हळूच बाहेर येत होती, हवेतलं काही टिपून आत जात होती.

गळे हलत होते. घोट घोट.

बाईंना भीती वाटायला हवी होती. त्यांना संताप आला.

“जिवंतपणी छळलंत, तेवढं पुरे नाही झालं?” त्या कोपऱ्याला म्हणाल्या. “ही खोली माझ्या लेकीची आहे.”

त्यांनी पदर खोचला आणि ड्रम एकटीने आडवा केला. पाणी मोरीतून खाली धडधडत गेलं. जायला फार वेळ लागला, ड्रमात मावेल त्याहून कितीतरी जास्त. शेवटचा थेंब जाईपर्यंत त्या तिथून हलल्या नाहीत.

श्रीरंगने संध्याकाळी येऊन रिकामा ड्रम बघितला. पेट्या व्हाइटफील्डला एका मित्राच्या बागेत हलवल्या. खोलीला चुना दिला, धूप घातला. दिव्यश्री आली, नर्सिंग होममध्ये सुखरूप मोकळी झाली, मुलगा झाला. बाईंनी स्वतःच्या हाताने पाळणा टांगला, कोपऱ्यापासून लांब, दाराशी.

मूल दूध घेईना.

छातीशी धरलं की तोंड फिरवायचं. बाटली दिली, चमचा दिला. बाई डॉक्टरांवर भडकल्या, जावयावर भडकल्या, दिव्यश्रीला तिच्या खाण्यावरून नको नको ते बोलल्या. डॉक्टर म्हणाले, काळजी नको, वजन वाढतंय.

वाढत होतं. लंगोट ओले होत होते. पोटात काही जात नव्हतं आणि लंगोट बदलून बदलून पुरेनात.

एका दुपारी खाली जेवताना दिव्यश्री म्हणाली, “आई, बोळ्याने पाणी पाजत नको जाऊस गं त्याला. डॉक्टरांनी नको म्हटलंय.”

बाईंचा हात ताटातच राहिला. “मी कधी पाजलं?”

“मग ओठ कसे ओले असतात नेहमी?”

बाई उष्ट्या हाताने जिना चढल्या.

मूल जागं होतं. रडत नव्हतं. कोपऱ्याकडे मान वळवून एकटक बघत होतं. इवलीशी जीभ बाहेर आली, हवेतलं काही टिपून आत गेली.

गळा हलला.

“माझं आहे,” बाई म्हणाल्या. आवाज हवा तेवढा चढला नाही.

त्यांनी मूल उचललं, खांद्याशी घट्ट धरलं आणि खोलीबाहेर पडल्या. दार ओढून घेतलं, कडी घातली. जिना उतरल्या. देवघर ओलांडलं. अंगणात, रखरखीत उन्हात, कोरड्या संपाशी येऊन थांबल्या.

मुलाची हनुवटी ओली होती. त्यांनी पदराने पुसली.

पदराला वाळ्याचा वास आला.

मूल त्यांच्या खांद्यावरून मागे बघत होतं. त्यांनी परत बोट फिरवलं. हनुवटी परत ओली होती.