कळवायला हवं होतं

"खरं सांगा, फोन कुणाला केलात?"

शिलाई मशीनवरून ती ताडकन उठली. गिऱ्हाइकाचा अर्धवट शिवलेला झगा पायांत पडला, पण तिला त्याचं भान कुठे होतं! दाराशी उभ्या नवऱ्याने, जन्मभर बस चालवलेल्या त्या ताठ माणसाने, मान खाली घातली.

"बालकल्याणच्या बाईंना... सगळं सांगून टाकलं."



भिंगरी त्यांच्या पोटची नव्हती. मूलबाळ नसलेल्या त्या घरात ती बालकल्याणकडून नुसती काही काळ सांभाळायला म्हणून आली आणि मावशी-काका म्हणत बघता बघता दोघांचा जीव होऊन बसली. तिला आणताना दोघांनी कबूल केलं होतं, की घरात कुणी नवं राहायला आलं, कुणाला आजार जडला, काहीही बदललं तरी लगेच कळवू. कायदाच होता तसा. पण डॉक्टरांनी नवऱ्याचा विस्मरणाचा आजार सांगितला, तेव्हा बायकोने ओठ घट्ट मिटून घेतले... पोर नेतील, या एकाच धास्तीने! आणि परवा तो भिंगरीला शाळेतून आणताना भर बाजारात तिचा हात सोडून एकटाच जुन्या बसडेपोत जाऊन बसला. रडून रडून घसा बसलेल्या पोरीला एका फळवाल्याने घरी पोचवलं. तरीही बायकोने दोघांना बजावलं होतं, "कुठे बोलायचं नाही!"

"तुम्ही माझी पोर घालवलीत!" ती किंचाळली.

"अगं, ती गाडीखाली आली असती तर? डोकं ठिकाणावर आहे तोवर मला एवढं करू दे..."

दुसऱ्या दिवशी बाई आल्या. त्यांचेही डोळे भरले होते. "आजाराचं तेव्हाच कळवलं असतंत, तर मदतीला माणूस देता आला असता हो! आता माझ्या हातात काही उरलं नाही."

भिंगरीने मावशीच्या कमरेला मिठी मारली. "मावशी, मी शहाण्यासारखी वागेन! काकांचा हात मीच घट्ट धरेन!" बाईंना तिची बोटं एकेक करून सोडवावी लागली...

त्यानंतर ती नवऱ्याशी बोलेनाशी झाली. ताट समोर आदळायची, की पाठ फिरवायची. त्याने एका शब्दानेही तिला दोष दिला नाही.

एका दुपारी ती दोरे आणायला गेली होती. परतली तेव्हा जिन्यातच गॅसचा उग्र वास आला. ती धावली. शेगडी न पेटवताच चालू ठेवून तो स्वयंपाकघरात शांत बसला होता. तिने बटण बंद केलं, खिडक्या उघडल्या, आणि तिची नजर कोपऱ्यातल्या चटईवर गेली. शाळेतून आल्यावर भिंगरी तिथेच झोपायची... याच वेळी!

ती मटकन त्याच्या पायांशी बसली.

"माझं चुकलं हो! पोर मी घालवली, आणि तुम्ही तिला वाचवलंत. मी मात्र तुम्हालाच छळलं... मला क्षमा करा!"

तो गोंधळून तिच्याकडे पाहत राहिला.

"कुठली पोर?"

तिने त्याच्या ओंजळीत तोंड लपवलं. त्या हातांना आसवं मात्र कळली. तो हळूच तिच्या केसांवरून हात फिरवू लागला.

"रडू नकोस गं... काय असेल ते असेल. मी केव्हाच विसरलो."