कुणीच न आखलेली खोली

घरून काम करण्यात सुख आहे असं ज्याने पहिल्यांदा म्हटलं, त्याच्या घरात मुलं नसावीत. किंवा मग त्याचं काम दुसरंच कुणी करत असावं.

इमारतींचे नकाशे करणाऱ्या त्या छोट्या कंपनीने ऑफिसची जागा सोडून दिली, त्याला आता बरेच महिने झाले होते. भाडं वाचलं म्हणून साहेब खूश होते. बाकीचे आपापल्या घरात, जिथे टेबल मावेल तिथे, बसले होते. ती त्यांची प्रमुख. तिच्या वाट्याला घराची मागची, पूर्वी अडगळीची असलेली खोली आली होती. दाराकडे पाठ करून ठेवलेलं टेबल, एक खुर्ची, शेजारच्या इमारतीच्या जिन्याकडे उघडणारी बारकी खिडकी आणि कोपऱ्यात भिंतीतून पुढे आलेला अर्धा खांब. त्या खांबावर तिचं कोपर रोज एकदा तरी आपटायचंच.

तिच्या हाताखाली तिघं होते. इमारत उभी राहील की नाही ते बघणारे खांबकाका, निवृत्तीला टेकलेले. पाण्याच्या लाइनी टाकणारा नळदादा. आणि दिवे-पंख्यांचं बघणारी वीजबाई. ही नावं तिनेच मनातल्या मनात ठेवलेली. चौघं एकाच नकाशावर एकाच वेळी काम करायचे. एकाने रेघ मारली की बाकीच्यांना लगेच दिसायची. म्हणजे, बघितली तर दिसायची. बघायचं कोण, हाच तर प्रश्न होता. प्रत्येकाला वाटायचं, दुसऱ्याने बघितलं असेल.

त्या दिवशी संध्याकाळपर्यंत परिचारिकांच्या वसतिगृहाचा नकाशा द्यायचा होता. आधीची दोन कामं चुकांसकट गेली होती. एकात जिना भिंतीला जाऊन थडकला होता. साहेबांनी तिला एकटीला फोन करून सांगितलं होतं, "मॅडम, हाही चुकला तर टीम बंद. सुरुवात तुमच्यापासून."

सकाळी सगळे कॉलवर जमले आणि तिने तोंड उघडलं तोच मागून दार वाजलं.

"आई, कात्री कुठेय?" मुलीचा आवाज.

"टेबलाच्या खणात."

"कुठल्या टेबलाच्या?"

तिने उत्तर दिलं. दोन वाक्यं बोलून होतात न होतात तोच पुन्हा दार. या वेळी नवरा. "अगं, मोरीतला नळ टपकतोय. कुणाला बोलावायचं?"

नळदादा पडद्यावर गालात हसला. ते बघून तिचं डोकंच फिरलं. माइक बंद करायचंही भान राहिलं नाही. मागे न वळताच ती ओरडली, "या खोलीला दारच नसतं ना, तर किती बरं झालं असतं!"

कॉलवर सगळ्यांनी ते ऐकलं. मग खांबकाका गंभीरपणे म्हणाले, "नोंद घेतली, ताई." सगळे हसले. ती हसली नाही.

त्यानंतर मात्र कुणी दार वाजवलं नाही. आली अक्कल एकदाची, असं म्हणून तिने मान खाली घातली ती दुपार टळेपर्यंत वर काढली नाही. सकाळीच आत आणून ठेवलेला डबा तिने टेबलावरच उरकला. बाहेर टीव्ही नाही, भांडी नाहीत, मुलीची पळापळ नाही. अशी शांतता रोज मिळाली तर काय हवं, असं तिला वाटलं.

आणि तेव्हाच तिला ती खोली दिसली.

तळमजल्यावर, व्हरांडा संपतो त्याच्याही पलीकडे, एक बारकी खोली. हिला नाव नव्हतं. पण तिच्यात दोन दिवे होते, एक पंखा होता. खांबांची मापंही तिच्याभोवती नीट बसवलेली होती.

"ही कोपऱ्यातली खोली कुणी आखली?" तिने कॉलवर विचारलं.

"मला वाटलं तुम्ही," खांबकाका म्हणाले. "मी आपला खांब सरकवून घेतला."

"मला वाटलं काकांनी," वीजबाई म्हणाली. "खोली दिसली, दिवे दिले."

"मीही पाण्याची लाइन आखतच होतो," नळदादा म्हणाला. "कुणी राहणार असेल तर पाणी नको का?"

तिने कपाळावर हात मारून घेतला. "अहो, पण विचारायचं ना! कुणी आखली ते सांगा. मी काही बोलणार नाही."

तिघांनीही हात झटकले. ही टोलवाटोलवी तिला पाठ होती. चूक सगळ्यांची, म्हणून कुणाचीच नाही. रागारागाने तिने ती खोली पुसून टाकली. थोड्या वेळाने बघते तर खोली जागच्या जागी. पुन्हा पुसली. पुन्हा आली.

"ताई, तुमची फाइल जुनी असेल," वीजबाई समजावत म्हणाली. "मग आमची वर चढते नि तुमचे बदल पुसले जातात. बंद करून उघडा."

तिने बंद करून उघडली. खोली होतीच. आणि आता तिला आणखी एक गोष्ट दिसली.

"हिला दार कुठेय?"

"होतं की," नळदादा म्हणाला. "सकाळी मीच बुजवलं. तुम्हीच म्हणालात ना, या खोलीला दार नको..."

"मी माझ्या खोलीबद्दल बोलत होते!"

"मला कसं कळणार, ताई? समोर असता तर कळलं असतं. तुमचा कॅमेरा बंद, इथे नुसता आवाज येतो."

तिला खरं तर रडू येत होतं. मन लावून काम करावं, सगळ्यांना सांभाळून घ्यावं, आणि शेवटी कुणीही न मागितलेल्या एका खोलीने नोकरी घालवावी! ती खोलीची मापं वाचू लागली. काय लबाडी आहे ती तरी बघू म्हणून.

बारकी खिडकी, बाहेर जिना. भिंतीला लागून टेबल, एक खुर्ची. आणि कोपऱ्यात भिंतीतून पुढे आलेला अर्धा खांब.

नकळत तिने कोपर आवळून धरलं. इतकी वर्षं नकाशे करून डोकं पिकलंय, दमलेय मी, दुसरं काही नाही, असं तिने स्वतःला बजावलं. तेवढ्यात साहेबांचा तगादा आला. तिने डोळे मिटले आणि नकाशा होता तसा पाठवून दिला.

उत्तर लगेच आलं. "पास. शाब्बास, मॅडम. बारीकसारीक दुरुस्त्या असतील तर आजच उरका."

सुटले, असं म्हणून ती उठली. दिवसभर वळलेली नव्हती. आता वळली.

मागे भिंत होती.

नवी भिंत नव्हती ती. बाकीच्या भिंतींसारखीच, तोच मळकट रंग, वरून खाली आलेला ओलीचा तोच डाग. फक्त दार नव्हतं. तिने तळहात लावून बघितलं. गार, कोरडी, भरीव. चौकटीची जागा बोटांनी चाचपली. कुठे फट नाही, सांधा नाही. खोलीत ओल्या चुन्याचा मंद वास येत होता.

तिने नवऱ्याला फोन लावला. त्याचा आवाज फोनमधूनही आला आणि भिंतीपलीकडूनही.

"अगं, कुठे आहेस? निघालीस का?"

"मी घरातच आहे... मागच्या खोलीत. दार सापडत नाहीये."

"कुठली मागची खोली?"

"माझी! मोरीच्या शेजारची!"

"मोरीच्या शेजारी भिंत आहे," तो काळजीने म्हणाला. "तुला बरं वाटत नाहीये का? ऑफिसच्या कुणाला तरी बरोबर घे, मी न्यायला येतो. ऑफिसचा पत्ता काय म्हणालीस?"

पलीकडे बारीक थपथप झाली. मग मुलीचा आवाज, अगदी जवळून. "बाबा, भिंतीत आई आहे."

"उगाच काहीतरी बोलू नकोस. इकडे ये."

पावलं लांब गेली. फोन कटला, आणि पुन्हा लागेना.

ती टेबलाशी परत आली. तिने नकाशात त्या भिंतीवर दार आखलं. मागे भिंतीत काहीतरी खरखरलं. ती वळून बघेपर्यंत भिंत तशीच, आणि पडद्यावरची रेघ पुसली गेली होती. त्यांची फाइल वर चढली होती. तिने पुन्हा आखलं. पुन्हा पुसलं गेलं. तिच्या हातून ते होणार नव्हतं. त्यांच्यापैकी कुणाकडून तरी व्हायला हवं होतं.

तिने सगळ्यांना लिहिलं, "कोपऱ्यातल्या खोलीला दार द्या. आत्ता. हात जोडते."

"हो ताई, लगेच," वीजबाई.

"करतो," नळदादा.

"झालंच समजा," खांबकाका.

ती भिंतीकडे बघत उभी राहिली. बाहेर जिन्यावर तिन्हीसांज उतरत होती. भिंत तशीच होती.

"झालं का?" तिने विचारलं.

"काका करतायत ना?" नळदादा.

"मला वाटलं दादाने केलं," वीजबाई.

"मी बघितलं, बाई फाइलमध्ये होत्या. म्हणून मी हात नाही लावला," खांबकाका.

"कुणीतरी एकाने करा!" तिने लिहिलं. "कुणीही... पण एकानेच."

एकेकाच्या नावापुढचा हिरवा ठिपका मालवत गेला. दिवस संपला होता, काम पास झालं होतं, आणि दार दुसऱ्या कुणीतरी दिलंच असेल. तिने माइक चालू करून हाका मारल्या. मग माइक सोडून भिंतीवर दोन्ही तळहात आपटत मुलीला हाका मारू लागली.

मागे पडद्यावर टिंग वाजलं. मान वळवून तिने वाचलं. जाता जाता नळदादाने लिहिलं होतं, "कोपऱ्यातल्या खोलीला दार नाही, मग खिडकी कशाला? बुजवून टाकतो. चालेल ना सगळ्यांना?"

खाली संमतीचे अंगठे उमटले. खांबकाकांचा. वीजबाईचा. साहेबांचा.

मग आणखी एक. तो तिच्या नावाचा होता.

तिचे दोन्ही हात अजून भिंतीवर होते. खोलीतला उजेड कमी व्हायला लागला.