चौथ्या भागापासून

लायब्ररीच्या काउंटरवर त्या जाड पुस्तकावर दोन हात एकदमच पडले. एक तिचा, दुसरा कोपऱ्यावरच्या चष्म्याच्या दुकानदाराचा.

"चौथा भाग! म्हणजे पहिले तीन वाचलेत तुम्ही?"

वाचले नव्हते. तिला फक्त मुखपृष्ठावरचं एकटं अवकाशयान आवडलं होतं. पण तो असा काही खुलून हसला, की ती बोलून गेली, "हो... म्हणजे काय!"

तेव्हापासून जिवाला घोर. आधी तिने वाचायचं, मग त्याने, असं ठरलं. रोज संध्याकाळी ती दुकानात डोकवायची. तो भिंगं पुसत प्रश्न विचारायचा, ती जपून गोलगोल उत्तरं द्यायची. रक्ततपासणीच्या लॅबमध्ये तिच्या हातून एक नळी इकडची तिकडे होत नसे. इथे मात्र वाक्यागणिक चुकायची धास्ती. आधीचे भाग कुणीतरी नेलेले, ते परत येईनात.

"सांगून टाक ना, ताई," धाकटी वैतागली.

"तो हसेल गं."

"मग? तेच तर आवडतं ना तुला!"

त्या संध्याकाळी काचेवर बारीक पाऊस होता. तो नेहमीसारखाच हसला—आणि तिचा जिभेवरचा ताबा सुटला.

"कप्तानाची बायको कसली गोड आहे! यानावरून रोज बोलतात दोघं. तो घरी परतल्यावर किती खूश होईल ती..."

भिंग पुसणारा त्याचा हात थांबला. "ती दुसऱ्या भागातच गेली. हा यानाच्या यंत्राने जपलेला तिचा आवाज आहे."

तिचे कान तापले. "मी... खोटं बोलले. चौथ्यापासूनच सुरू केलंय." तिने पर्स उचलली.

"थांबा ना!" तो हसत नव्हता. "तुमच्यापुरती ती जिवंत होती. मी मूर्खासारखा..." त्याने हातातलं भिंग खाली ठेवलं. "आणि लपवलं मीही आहे. माझं लग्न झालं होतं. मोडलं. रोज ठरवतो, आज सांगू... मग वाटतं, उद्यापासून तुम्ही आलाच नाहीत तर?"

बाहेर पाऊस वाढला. ती पर्स मांडीवर घेऊन परत स्टुलावर बसली.

"म्हणजे तुम्हालाही मी मधूनच सुरू केलंय."

"मागचं... सांगू?"

"सांगा. पण सावकाश." तिने धूसर झालेला चष्मा काढून त्याच्यापुढे धरला. "पुढचं थांबवायचं नाही त्यासाठी."

त्याने चष्मा नेहमीपेक्षा जास्त वेळ पुसला. मग स्वतःच तिच्या कानांमागे काड्या बसवल्या, सावकाश.