न अडखळणारी नजर

अतिदक्षता विभागात खाटेवर पडूनही डॉ. हेरंब टिल्लूंना स्वतःच्या शोधाचं कौतुक आवरत नव्हतं. रक्तातलं पोटॅशियम धोक्याच्या पातळीखाली उतरलेलं, छातीला तारा लावलेल्या, आणि हे गृहस्थ टॅबलेटवर नर्सांच्या नेत्ररेषा, म्हणजे वाचताना नजर कशी सरकते त्या रेषा, न्याहाळत होते.

“ही प्रणिता. मराठी शाळेत शिकलेली. सहा महिन्यांपूर्वी इंग्रजीच्या एका पानात साठ वेळा अडायची. आज शून्य.”

भेटीला आलेल्या वाचनतज्ज्ञ डॉ. शबाना मुजावर यांना तो शून्य पटेना. टिल्लूंचं ‘अर्थदर्शी’ हे शब्दकोशाचं मोबाइल अ‍ॅप साध्या तत्त्वावर चालायचं. नजर जिथे थांबते, तो शब्द अडला. फोनचा कॅमेरा ते हेरायचा आणि मराठी अर्थ दाखवायचा. अडणं जितकं कमी, तितके गुण जास्त. पूर्ण गुण मिळाले की या रुग्णालयात नर्सला देखरेखीशिवाय औषधं द्यायची परवानगी.

“शाळेत आपण कठीण शब्दावर पेन्सिलीने अर्थ लिहायचो,” मुजावर म्हणाल्या. “पान कोरं दिसलं की बाई काय समजायच्या?”

“अभ्यास केला नाही असं.”

“तुम्ही कोऱ्या पानाला बक्षीस दिलंत.”

टिल्लू नुसते हसले. पडद्यावर प्रणिता पोटॅशियमच्या बाटलीवरची सूचना वाचत होती. रेषा सरळ गेली, कुठेच थांबली नाही. मग सिरिंज भरून, बाटली हातात घेऊन ती टिल्लूंच्या खाटेशी आली आणि तिने सलाइनच्या नळीचं झाकण उघडलं.

मुजावरांनी तिचं मनगट धरलं. “सिस्टर, बाटलीवर लाल अक्षरांत काय लिहिलंय?”

प्रणिताने इंग्रजी वाक्य घडाघडा वाचून दाखवलं.

“अर्थ सांगा.”

तिने नकारार्थी मान हलवली. “थांबलं की मार्क जातात, मॅडम,” ती म्हणाली. “आम्ही सगळ्याच असं वाचतो. अडलं तरी डोळा पुढं न्यायचा.”

“पातळ केल्याशिवाय देऊ नये, असं लिहिलंय. हे थेट शिरेत गेलं असतं तर यांचं हृदय बंद पडलं असतं.”

प्रणिताने सिरिंज बाजूला ठेवली. मरणाची एवढी भीती टिल्लूंना कधी वाटली नव्हती.

“पूर्ण गुण किती जणींना मिळालेत?” त्यांनी कसंबसं विचारलं.

“एकोणचाळीस, सर. माझ्यासकट. बाकीच्या आत्ता नऊ वाजताची औषधं द्यायला आपापल्या वॉर्डात गेल्यात.”

मुजावर दाराकडे धावल्या. टॅबलेटवर अडतीस रेषा पुढे सरकत होत्या आणि त्यांतली एकही थांबत नव्हती.