हनुवटीखालचं माप

त्या दुपारी शिंप्याने एक सदरा हातात घेतला. काम म्हणाल तर किरकोळ, गळ्याची तुरपाई. पण शिडीवरून पडून त्याच्या मेंदूभोवती रक्त साकळलं, कवटी उघडून ते काढावं लागलं, तेव्हापासून उजवा हात नुसता ओंडका होऊन बसला होता. हात परतला नाही तर दुकान बंद, हे त्याला कुणी सांगायला नको होतं.

तसा हात परतला होता, म्हणजे हलत होता. लागत मात्र काही नव्हतं. सुई टोचली तरी रक्त दिसेल तेव्हाच कळायचं. व्यायाम करून घेणाऱ्या बाई खूश होत्या. जीव वाचला, हातही आला, नशीब काढलंत म्हणायच्या. आनंद व्हायला हवा, एवढं शिंप्याला कळायचं. होत नव्हता.

रुग्णालयात शेजारच्या खाटेवर एक म्हातारा होता, न्हाणीघरात घसरून डोक्याला तसाच मार लागलेला. शवागारात नोकरीला होता, चिरलेली प्रेतं शिवून द्यायचा.

"आपण एकाच धंद्यातले की," तो म्हणायचा. "माझं गिऱ्हाईक फक्त फिटिंगची तक्रार करत नाही."

दोरा किती लागेल ते म्हणे तो वितीने मोजायचा, हनुवटीखालून सरळ बेंबीपर्यंत. मग मोठाले तिरपे टाके, आतून बाहेर. बोट हवेत फिरवून दाखवायचा. शेवटी शेवटी आवाज बसला तेव्हा एकदा कुजबुजला होता, "हात अजून चांगला आहे रे माझा... वाया जाणार."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो गेला. त्याच्या तोंडावर चादर ओढेपर्यंत इकडे शिंप्याची बोटं हलू लागली होती.

तर त्या दुपारी शिवता शिवता शिंप्याचा डोळा लागला. बायकोने हाक मारली तेव्हा जाग आली.

"अहो, हे काय शिवलंत? डोकं कुठून घालायचं?"

सदऱ्याचा गळा शिवून बंद झाला होता. मोठाले तिरपे टाके, आतून बाहेर. शिंप्याचा टाका एरवी शोधूनसुद्धा सापडायचा नाही. त्याने बायकोला म्हाताऱ्याचं सगळं सांगून टाकलं, भाजी काय आणायची ते सांगावं तसं. मनाचे खेळ आहेत, डोकं उघडलं होतं तुमचं, ती म्हणाली. पण बाई शहाणी. सुया, दोरे, कात्री, सगळं कपाटात टाकून तिने कुलूप लावलं आणि किल्ली कमरेला खोचली.

दुसऱ्या दिवशी जेवणं उरकून दोघं आडवी झाली. खोलीत गारवा होता, आणि वॉर्डातल्या औषधाचा वास कुठूनसा येत होता.

"काय हो," ती झोपेतच हसली, "कसलं माप घेताय?"

शिंप्याने डोळे उघडले. त्याचा उजवा हात तिच्या हनुवटीखाली होता. वीत टाकत सावकाश खाली सरकत होता, गळ्यावरून, छातीच्या मधोमध, सरळ. छाती, खांदा, बाही, कंबर, जन्मभर त्याने हीच मापं घेतली होती. हे माप कुठल्याच कपड्याला लागत नाही.

घाबरायला हवं, एवढं त्याला कळत होतं. डाव्या हाताने त्याने उजवं मनगट घट्ट धरलं. हात थांबला नाही, बेंबीपर्यंत जाऊनच थांबला.

"झोपा आता..." ती पुटपुटली आणि कुशीवर वळली.

तिच्या कमरेला किल्ली नव्हती.