पाच चाळीसचा शेवटचा डबा

"दिवसाचा माणूस कुठला आणि मुक्कामाचा कुठला, हे मला नुसत्या बुटांवरून कळतं," प्रिस्का छातीठोकपणे सांगायची. "अकरा वर्षं रोपवेचं दार उघडतेय मी. माणसाचा पाय जमिनीला टेकायच्या आत सांगते, हा रात्र काढणार की कॉफी पिऊन, गायीबरोबर फोटो काढून खाली पळणार. एकदा तरी चुकले असेन तर दाखव."

हे ती आपल्या थेरेस आत्याला सांगत होती, जुलैमधल्या एका शनिवारी. समोर रोपवेच्या सकाळच्या डब्यातून एक नवरा-बायको उतरत होते. दणकट बूट, पाठीवर घराएवढ्या पिशव्या, हातात काठ्या.

"मुक्काम. तीन रात्री," प्रिस्काने निकाल दिला.

आत्याने लगेच दोन उशा खिडकीत झटकायला घेतल्या. वर ओबरश्वांडमध्ये घरं सहा, आणि पाहुण्यांना उतरायला आत्याच्या चार खोल्या, एवढाच कारभार. उशा झटकून होतात न होतात तोच ते दोघं धापा टाकत परत आले. अलोइसकाकांच्या गायीने नवऱ्याची टोपी खाल्ली होती, आणि टोपीखालचं डोकंही तिला आवडेल अशी त्याला भीती वाटत होती. पुढच्या डब्याने दोघं खाली गेले.

"गायीमुळे झालेली चूक मी धरत नाही," प्रिस्का म्हणाली.

त्यांना न्यायला वर आलेल्या त्याच डब्यातून कास्पर उतरला.

उतरला म्हणजे, पडला. बारीक पाऊस सुरू झाला होता, आणि पावसात डब्याचं दार अडकायचं. बाहेरून प्रिस्काने ओढायचं, आतल्या माणसाने ढकलायचं, अशी पद्धत. बहुतेक लोक आत नुसते घाबरून उभे राहत. याने मात्र मन लावून ढकललं. दार सुटलं, आणि तो थेट तिच्या अंगावर आला. मध्ये दुधाचा कॅन होता म्हणून... नाहीतर काय झालं असतं, याचा विचार प्रिस्काने नंतर बरेच दिवस केला.

"माफ करा! लागलं का तुम्हाला?"

"कॅनला लागलं," गुडघा चोळत ती म्हणाली.

तो हसला. चष्म्यावर पावसाचे थेंब, कपाळावर ओले केस, आणि हसताना फक्त डाव्या गालाला पडणारी खळी. प्रिस्काने घाईघाईने नजर खाली नेली, आपल्या कामावर. बूट काळे, पातळ, पॉलिश केलेले. ऑफिसचे. खांद्याला जेवणाच्या डब्याएवढी पिशवी.

दिवसाचा माणूस.

"मला खरं तर..." त्याने चष्मा काढून पुसायला घेतला. "मला विचारायचं होतं की, म्हणजे जर—"

"पाच चाळीस," प्रिस्का म्हणाली. "खाली जायचा शेवटचा डबा. पाच मिनिटं आधी या. बस कुणासाठी थांबत नाही."

"हो का... पाच चाळीस." त्याने चष्मा लावला. "चांगली वेळ आहे. पाच एकोणसाठची बस मिळते, मग सहा एकतीसची गाडी."

"पाठ करून आलात?"

"मीच लावलंय ते. ओल्टेन शहरात रेल्वेची वेळापत्रकं करतो मी."

"अरे बापरे! म्हणजे उशीर झाला की लोक तुम्हाला शिव्या देतात?"

"उशीर झाला की गाडीला देतात. गाडी वेळेवर आली की मला देतात. दोन मिनिटांनी चुकलेली असते ना त्यांची."

प्रिस्का एवढ्या मोठ्याने हसली की पलीकडच्या कुरणातून अलोइसकाका बघायला आले.

पाच पस्तीसला तिने घंटा वाजवली. तो आला, डब्यात बसला, काचेतून हात हलवत धुक्यात खाली गेला. पुढच्या शनिवारी परत आला. त्याच्या पुढच्याही.

तो यायचा, आत्याच्या हातची बटाटा-मॅकरोनी खायचा. वर वितळलेलं चीज, बाजूला सफरचंदाचा गोड लगदा. मग प्रिस्काबरोबर वळचणीखालच्या बाकावर बसायचा. पाऊस असला तर दोघांच्या मध्ये वीतभर अंतर असायचं, कारण कडेला गळायचं. ऊन असलं तर हातभर. प्रिस्काला पाऊस आवडायला लागला.

पाच पस्तीसला मात्र ती स्वतःच उठून घंटा वाजवायची.

"अगं, थांबा म्हण की त्याला एकदा!" आत्या करवादायची. "चार खोल्या रिकाम्या पडल्यात."

"मी कशाला म्हणू? राहायचं असेल तर विचारेल. तोंड आहे त्याला."

"तोंड आहे, पण ते उघडलं की तू त्यात घंटा वाजवतेस!"

आमच्याकडे डोंगरात एक रीत आहे. खाली सगळे एकमेकांना अहो-जाहो करतात, अगदी शेजाऱ्याशी भांडतानासुद्धा. पण दोन हजार मीटरच्या वर गेलं की अनोळखी माणसालाही 'तू' म्हणायचं. ओबरश्वांड आहे एकोणीसशे चाळीस मीटरवर. साठ मीटरनी हुकलंय.

सहाव्या शनिवारी कास्पर कॉफीच्या कपात बघत म्हणाला, "जरा... वर जाऊन यायचं का? फार नाही. साठेक मीटर."

प्रिस्काचे कान लाल झाले. "कशाला?"

"हवा चांगली असेल."

पायवाट चढताना तो मनगटावरचं उंचीचं घड्याळ बघत होता. एकोणीसशे ऐंशी. एकोणीसशे पंच्याण्णव... लाकडी क्रूसापाशी तो थांबला. खाली ढगात गायींच्या घंटा किणकिणत होत्या.

"दोन हजार," तो म्हणाला.

"मग?"

"तू..."

"काय मी?"

"काही नाही. नुसतं म्हणून बघितलं."

"मग परत म्हण."

"तू."

"तुझ्या नाकाला चिखल लागलाय."

"तुझ्यापण."

बराच वेळ दोघं तिथे उभे राहिले, वाऱ्यात, अगदी जवळ. तो काहीतरी बोलणार होता, हे तिला त्याच्या श्वासावरून कळत होतं... आणि मग तिला आठवलं, पाच वाजून गेले. परत फिरताना तिसऱ्याच पावलाला कास्परने घड्याळ बघितलं आणि म्हणाला, "सांभाळा हं, इथे निसरडं आहे."

एकोणीसशे नव्व्याण्णव मीटर. याला हसावं की दरीत ढकलावं, हे प्रिस्काला ठरवता येईना.

बघता बघता दहावा शनिवार आला, सप्टेंबरातला, आणि हंगामातला शेवटचा. दुसऱ्या दिवशी गायी फुलं माळून खाली उतरायच्या होत्या, त्यांच्यामागे सहाही घरं, आणि मग रोपवे थेट मेपर्यंत बंद. हिवाळ्यात प्रिस्का देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, भावाच्या बेकरीत कामाला जायची. आठ महिने. आठ महिन्यांत माणूस बदलतो, त्याचे शनिवारही बदलतात. तिने पहाटे उठून अलुबुखाराचा केक केला, त्यात साखरेऐवजी मीठ घातलं, आणि कास्परने त्याचे दोन तुकडे न बोलता खाल्ले. यावरून तरी तिला काही कळायला हवं होतं.

"तुमच्यासाठी आणलंय," केकवर तीन ग्लास पाणी पिऊन झाल्यावर तो म्हणाला, आणि एक घडी केलेला कागद पुढे केला.

हाताने लिहिलेलं वेळापत्रक होतं ते. ओल्टेन ते ओबरश्वांड. निघायची वेळ, बदलायच्या गाड्या, पोचायची वेळ, सगळं मोत्यासारख्या अक्षरात. उजवीकडे परतीचा रकाना. कोरा.

प्रिस्काला वाटलं, निरोपाची भेट देतोय हा. डोळ्यांत पाणी येतंय असं वाटलं की ती कामाचं बोलायची.

"परतीच्या गाड्या लिहायच्या राहिल्या," ती म्हणाली.

"राहिल्या नाहीत. मी मुद्दामच—"

"पाच पस्तीस!" ती ओरडली, आणि धावत जाऊन घंटा वाजवली. एरवी तीनदा वाजवायची. त्या दिवशी तिने मोजलं नाही.

कास्पर डब्यात बसला. काचेपलीकडून काहीतरी म्हणाला, पण दार लागलं होतं. डबा सुटला. लहान होत गेला. प्रिस्काने नाक पुसायला खिशात हात घातला, तर रुमालाऐवजी तो कागद हातात आला. तिने परत बघितला. ओल्टेनच्या या माणसाने आयुष्यात कधी एक मिनिट विसरलं नव्हतं. तो अख्खा रकाना विसरेल?

"आई गं..." प्रिस्का म्हणाली.

त्याच क्षणी दक्षिणेकडून गरम वारा उसळला. त्याला आम्ही फ्योन म्हणतो. तो आला की डोकी दुखतात, दूध फाटतं, आणि रोपवे आपोआप थांबतो. डबा दरीच्या जवळजवळ मध्यावर लटकला आणि पाळण्यासारखा झुलायला लागला.

ठाण्यातला फोन खणखणला.

"प्रिस्का? मी लटकलोय."

"दिसतंय मला! घाबरू नका. आडवा दांडा घट्ट धरा, वारा पडेपर्यंत... तो परतीचा रकाना कोरा का आहे?"



"कारण मला परत जायचं नसतं," कास्पर म्हणाला. "एकाही शनिवारी नव्हतं. पहिल्या दिवशी मी खोलीच विचारायला आलो होतो. खिशात टूथब्रश होता माझ्या. अजूनही आहे. दहा शनिवार तो माझ्याबरोबर वर येतो आणि कोरडाच खाली जातो."

"मग बोलला का नाहीस?"

"तुम्ही एवढ्या खात्रीने पाच चाळीस म्हणालात... मला वाटलं, नियम असेल. पातळ बुटांना मुक्काम नाही, असं काहीतरी."

"आणि नियम असेल म्हणून तू दहा आठवडे गुपचूप खाली जात राहिलास?"

"नियम कशासाठी असतात मग?" तो म्हणाला. मग आवाज एकदम खाली आला. "प्रिस्का, मला तू आवडतेस. फार. इथे दांडा सैल आहे, म्हणून आत्ताच सांगून टाकतो."

"मलाही तू..." तिने डोळे मिटले. "मलाही. पहिल्या दिवसापासून. तो दुधाचा कॅन मध्ये नसता ना, तर..."

"चौदाशे मीटरवर अरे-तुरे!" फोनमधून अलोइसकाकांचा आवाज आला. "काय दिवस आलेत!"

प्रिस्काने कपाळावर हात मारला. डब्यातला फोन वाजला की सहाही घरांत वाजतो. कोणी अडकलं तर सगळ्यांना कळावं म्हणून तिच्या आजोबांच्या काळापासून ती सोय आहे, आणि वाजला की प्रत्येकाने उचलायचा हा दंडक. हे ती लहान मुलांना शिकवायची.

"कोण कोण आहे फोनवर?" तिने बारीक आवाजात विचारलं.

"मी नाहीये," थेरेस आत्या म्हणाली.

"आम्ही आत्ताच उचलला," पलीकडच्या घरातली बाई म्हणाली. "टूथब्रशपासून."

वारा जरा पडला. मोटर हळू चालवता येईल इतका. प्रिस्काने मोटरच्या दांड्यावर हात ठेवला. आता डबा घ्यायचा कुठे, हे तिच्या हातात होतं, आणि या वेळी ती बूट बघून ठरवणार नव्हती.

"कास्पर. वर घेऊ की खाली?"

"नियम काय आहे?"

"जे ठाणं जवळ असेल तिथे न्यायचं."

तो थांबला. खिडकीतून वर बघत असावा, मग खाली. मोजत असावा. सहा घरांत कोणी श्वास घेत नव्हतं.

"खालचं जवळ आहे," तो शेवटी म्हणाला. "साधारण चाळीस मीटरनी."

प्रिस्काचा जीव खाली खाली गेला. "बरं," ती म्हणाली.

"तरी नको," कास्पर म्हणाला. "वर घे."

"शाब्बास रे!" अलोइसकाका गरजले. आत्या फोन न ठेवताच उशा झटकायला पळाली. ते सगळ्यांना ऐकू आलं.

डबा गोगलगायीसारखा वर आला. आणि पाऊस नसतानाही दार अडकलं. प्रिस्काने बाहेरून ओढलं, त्याने आतून मन लावून ढकललं, आणि या वेळी मध्ये कॅन नव्हता. आमच्याकडे भेटताना गालांवर तीन मुके घ्यायची पद्धत आहे. कास्परने अगदी मोजून तीन घेतले. त्याच्या पुढचे कोणीच मोजले नाहीत, फक्त अलोइसकाका दुर्बीण घेऊन खिडकीत होते.

आत्याने त्याला सगळ्यात चांगली खोली दिली, माळ्यावरची. रात्री सहाही घरांनी मिळून जेवण केलं. प्रिस्काने त्या कागदावरचा परतीचा रकाना पेनाने खोडून टाकला, आणि बाजूला बेकरीच्या गावापर्यंतच्या गाड्या लिहायला सांगितल्या. हिवाळ्यातल्या, आठही महिन्यांच्या. कास्परने त्या तिथल्या तिथे तोंडपाठ लिहून दिल्या. टूथब्रश दहा आठवड्यांनी ओला झाला.

सकाळी गायींच्या घंटा वाजल्या, तसा कास्पर आनंदाने अंथरुणात ताडकन उठून बसला आणि माळ्याची तुळई त्याच्या कपाळात बसली. वारा परत सुटल्यामुळे रोपवे बंद होता. अलोइसकाकांच्या लंगड्या गायीसाठी आदल्या दिवशी एक डॉक्टर वर येऊन राहिला होता. तीन टाके पडले. ते जनावरांच्या डॉक्टरने घातले.